बावीस नंबरची खिडकी

"चौदा किलो सहाशे," मागून कुणीतरी म्हणालं.

आणि काट्यावरचा लाल आकडा दोनदा थरथरला, अडखळला... आणि थांबला. चौदा सहाशे!

तिने आधी लेकीला काट्यावरून खाली ओढलं आणि मग वळून पाहिलं. काटा होता प्रवाशांच्या हातातल्या बॅगा मोजायचा, गेट नंबर अकराच्या अगदी तोंडाशी ठेवलेला. आणि त्यावर तिची साडेचार वर्षांची कन्या कमरेवर हात ठेवून, दोन्ही गाल फुगवून उभी होती. गालांत मनुका होत्या. गालांत सदानकदा काहीतरी साठवून ठेवायची म्हणून घरात तिला सगळे खारूच म्हणत.

"सॉरी हं, उतरवते मी तिला —"

"उतरवलीत की!" मागचा माणूस हसला. गळ्यात निळी फीत, पण तिच्या टोकाचं ओळखपत्र खिशात खुपसलेलं. पाठीवर इवलीशी सॅक. "आणि काट्यावर चढण्यात चूक काय आहे? मी तर रोज दीडशे माणसं मनातल्या मनात चढवतो."

"म्हणजे?"

"विमानाच्या वजनाचा तक्ता करतो मी. पोटात किती बॅगा, पुढे किती माणसं, मागे किती, तोल कुठे जातोय... तो कागद गेल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. नऊ वर्षं झाली. आता माणूस नुसता चालत आला तरी मला आकडा दिसतो."

खारूने घाईघाईने मनुका गिळल्या. "माझ्या आईचा किती दिसतो?"

त्याने आईकडे पाहिलं. एकदाच, पण पुरतं. मग चष्मा वर सारत म्हणाला, "तो मी सांगणार नाही. मला नोकरी टिकवायची आहे."

हसायचं तिच्या मनात नव्हतं. सकाळी सहापासून ती काळजीत होती. पण हसू आलं, आणि आल्यावर वाटलं, आपण तरी का मागे राहायचं? चष्म्याच्या दुकानात डोळे तपासण्यात तिचा दिवस जायचा. 'आता वाचा... आणि आता?' म्हणत रोज तीसएक जोड्या डोळ्यांत ती डोकावायची.

"मायनस पावणेदोन," ती म्हणाली. "उजव्या डोळ्याला थोडा जास्त. आणि डावी काडी तुम्ही झोपेत वाकवलीय."

त्याने चष्मा काढून उलटसुलट पाहिला. "झोपेत, हे कशावरून?"

"त्याच बाजूचे केस अजून झोपलेत."

त्याचा हात पटकन डोक्याकडे गेला. खारू खिदळली. आणि त्या चष्म्याशिवायच्या डोळ्यांत क्षणभर जे काही उमटलं, ते... जाऊ दे. कामाच्या वेळी ती अशा गोष्टींची नोंद करत नसे.

काळजी कशाची होती, ते सांगायला हवं. बहिणीला मुलगा झाला होता, त्याला बघायला या दोघी निघाल्या होत्या. दोन महिने आधी तिकिटं काढून तिने शेजारशेजारच्या जागा घेतल्या होत्या. पण आज सकाळी मोठ्या विमानात कसला तरी बिघाड निघाला, त्याच्या जागी लहान विमान आलं, आणि सगळ्यांच्या जागा नव्याने वाटल्या गेल्या. तिच्या हातात पडली सात बी. खारूच्या हातात बावीस ई.

मध्ये पंधरा रांगा.

दुसऱ्या कुणाची पोर असती तर रडली असती, ओरडली असती, आणि कुणीतरी वैतागून आईला तिच्याजवळ पाठवलं असतं. पण खारू रडायची नाही. दोन वर्षांपूर्वी तिचा बाबा घर सोडून गेला, कुणाचाही आवाज न चढता, दोन सह्या करून. तेव्हापासून आई नजरेआड झाली की खारू गप्प व्हायची. गप्प म्हणजे पार गप्प. एकदा बालवाडीत तीन तास ती भिंतीकडे बघत बसली होती. घरी आणल्यावर कळलं, सकाळच्या मनुका अजून तशाच गालात होत्या. चावायलाही विसरली होती पोर.

गेटवरच्या बाईंनी हात जोडले होते. "विमान खच्चून भरलंय हो. माझ्या हातात काही नाही. आत गेल्यावर शेजारच्याला विचारा, लोक बदलून देतात. फक्त बसायच्या आधी विचारा. आधी बसायचं आणि मग विचारायचं, याचा लोकांना राग येतो."

तेव्हापासून ती मनात वाक्य घोकत होती. 'माफ करा, माझी मुलगी लहान आहे...' नको, फार रडकं. 'तुमची हरकत नसेल तर...' आणि असली तर?

हे सगळं त्या परक्या माणसाला तिने का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही. विमान यायला अजून पाऊण तास होता, तो शेजारच्या खुर्चीत बसला होता, आणि खारू त्याच्याकडून येणाऱ्या-जाणाऱ्याची वजनं वदवून घेत होती. "ती निळी बॅगवाली?" "बावन्न." "तो मिशीवाला?" "हळू बोल... ब्याण्णव."

"आम्हाला आधी आत सोडतात, तेवढं एक बरं आहे," ती म्हणाली. "लहान मुलं असलेले आधी."

"खरं सांगू? मुलं असतील तर सगळ्यात शेवटी चढावं. आत पोरांना करायला काय असतं? जितका वेळ जास्त, तितकी चुळबुळ. हुशार जोडपी काय करतात, एक जण सामान घेऊन आधी जातो, जागा धरतो. दुसरा पोराला इथे बाहेर पळव-पळव पळवतो आणि दार लागता लागता..."

तो मध्येच थांबला. का थांबला ते त्याचं त्याला कळलं, आणि तिलाही.

"आम्ही दोघीच आहोत," ती म्हणाली. सहज म्हणायचं होतं. बऱ्यापैकी सहज निघालं.

"मूर्ख आहे मी," तो म्हणाला.

"किती किलोचा?"

त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि दोघंही एकदमच हसली.

"आणि तुम्ही? तुम्ही कधी चढणार?" तिने विचारलं.

"मी सगळ्यांच्या शेवटी. चढलोच तर." त्याने खिशातून पास काढला. त्यावर जागेच्या चौकोनात काहीच नव्हतं. "आम्हा कर्मचाऱ्यांना रिकाम्या जागेवर सोडतात. सगळे चढले, दार लागायची वेळ झाली आणि एखादी खुर्ची उरली, तर ती आमची. दोनदा इथूनच परत गेलोय. एकदा तर बसलो होतो, पट्टा बांधला होता, तेवढ्यात एक गृहस्थ धापा टाकत आले. उतरलो."

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"कुठेच नाही. जायचं आणि त्याच विमानाने परत यायचं." त्याचे कान लाल झाले. "मी कधी विमानात बसलेलो नाही हो."

"नऊ वर्षं...?"

"नऊ वर्षं मी खाली उभा राहून वर जाताना बघतो. माझा कागद घेऊन ते जातं. साठ टन असतं माहितीये, साठ! एकेक किलो मी मांडलेला असतो. आणि तरी दर वेळी ते जमीन सोडतं ना, तेव्हा मला वाटतं, हे काही माझ्या कागदामुळे नाही. हे काहीतरी... वेगळंच आहे." तो जरा थांबला. "मित्र हसतात मला."

ती हसली नाही. कधीतरी, अगदी पहिल्यांदा, यंत्रातून कुणाच्या तरी डोळ्याचा तळ तिने पाहिला होता. केशरी आकाश, आणि त्यात पसरत गेलेल्या नदीसारख्या लाल रेषा. त्या रात्री तिला झोप आली नव्हती. हे ती कुणाला बोलली नव्हती.

"मिळेल तुम्हाला आज," ती म्हणाली. "मी म्हणतेय ना. उरेल एक जागा."

मनापासून म्हणाली. पुढे याच वाक्याने तिची पंचाईत होणार होती.

"लहान मुलं बरोबर असलेल्या प्रवाशांनी आधी यावं —" पुकारा झाला. लगेच एक अख्खं खटलं तिला ओलांडून पुढे सरसावलं. आई, बाबा, आणि दाढी फुटलेला एक चिरंजीव. गेटवरच्या बाईंनी भुवया उंचावल्या. "मूल कुठेय?"

"हा काय!" वडील म्हणाले. "आमच्यासाठी तो मूलच आहे."

"काका, मग त्याला कडेवर घ्या, लगेच सोडते," बाई म्हणाल्या. रांगेत हशा पिकला, आणि चिरंजीव आईबापांना दंडाला धरून मागे घेऊन गेला.

ती खारूचा हात धरून आत गेली. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. तो काट्याजवळ एकटाच उभा होता. त्याने दोन्ही हातांची बोटं गुंफून वर धरली — शुभेच्छा तिला होत्या की स्वतःला, कुणास ठाऊक.

रिकामं विमान. रांगांमागून रांगा, आणि एक चिटपाखरू नाही. बावीस नंबरला फक्त कडेच्या खुर्चीत एक वयस्कर बाई येऊन बसल्या, गुडघ्याला जाडजूड पट्टा बांधलेल्या. ती श्वास घेऊन पुढे झाली, घोकलेलं वाक्य म्हणाली.

"अगं बाई..." बाईंनी खरंच वाईट वाटलेल्या चेहऱ्याने वर पाहिलं. "नाही म्हटलं तर रागावणार नाहीस ना? हा पाय मला इथे बाहेर सरळ ठेवायला लागतो. मधल्या खुर्चीत जमायचं नाही गं."

"नाही नाही, रागावू कशी?" ती म्हणाली, आणि खरंच रागावली नाही. विचारायचा हक्क आपला, तसा नाही म्हणायचा त्यांचा.

आता राहिली खिडकी. बावीस एफ. तिच्यावर कुणीच नव्हतं.

खारू तोवर सरपटत जाऊन खिडकीला नाक लावून बसलीही होती. आईनेही तिला उठवलं नाही... आणि लेकीच्या मधल्या जागेवर टेकली. बसायच्या आधी विचारा, बाई म्हणाल्या होत्या. पण विचारायचं कुणाला?

माणसं येत राहिली. प्रत्येक चेहऱ्यागणिक ती अर्धी उठे. हा? नाही, अठरावर थांबला. ही? नाही, गेली पुढे. रांगा भरत चालल्या. वरचे कप्पे धडाधड लागत होते. सगळ्या विमानात ती एकच खिडकी मालकाविना उरली होती. 'नको येऊ दे कुणी,' ती पुटपुटली. 'एवढी एक जागा रिकामी राहू दे. एवढीच.'

दार लागायची वेळ झाली. तिने खारूचा पट्टा आवळला. सुटलो!

तेवढ्यात पुढून शेवटचा प्रवासी आत आला. इवलीशी सॅक, केस अजून एका बाजूने झोपलेले, आणि बोर्डिंग पास दोन्ही हातांनी धरलेला... एखादी भरली वाटी धरावी तसा. चेहऱ्यावर असं काही उजळलेलं की ती सगळं विसरून हसली. मिळाली! मिळाली याला जागा!

आणि मग तिच्या लक्षात आलं, विमानात मालकाविना उरलेली खुर्ची एकच होती, आणि तिच्यावर खारू बसली होती.

तो येऊन थांबला. वर आकडा पाहिला, हातात पाहिला, पुन्हा वर पाहिला. मग खाली, खिडकीशी चिकटलेल्या खारूकडे.

"वजनकाका!" खारू ओरडली. "मी तुमची वाट बघत नव्हते, पण आलात ते बरं केलंत!"

"मी उठते," ती म्हणाली. "तुमची जागा आहे. चुकलंच माझं, मी आधी... खारू, ऊठ. सरक मधे. मी तिकडे पुढे..."

खारूने आईचा चेहरा वाचला. तिचे गाल एकदम स्थिर झाले. ओठ मिटले. ते मिटताना त्याने पाहिलं.

"तुमची खरी जागा कुठली?"

"सात बी."

"मधली?"

"मधली."

त्याची नजर खिडकीकडे गेली. अर्धा क्षण, जेमतेम. दिवसभर माणसांच्या नजरा कुठे जातात हेच बघणाऱ्या बाईच्या नजरेतून तो अर्धा क्षण सुटणार नव्हता. नऊ वर्षं होती त्यात.

"छान," तो म्हणाला. "मला उडायचं होतं. खिडकी कुठे मागितली होती मी? बसा हो, बसा. आणि एक करा... चौऱ्याहत्तर किलो पंधरा रांगा पुढे सरकले, हे कुणाला सांगू नका. खाली आज माझा मित्र तक्ता करतोय, बिचाऱ्याला झोप लागायची नाही."

आणि तो गेला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "तुझे हे फार गुणी आहेत गं."

"ते माझे हे नाहीत."

"अच्छा," बाई म्हणाल्या. "अजून नाहीत."

विमान धावू लागलं. ती आजवर पाच-सहा वेळा विमानात बसली होती, आणि दर वेळी या क्षणी डोळे मिटून मनातल्या मनात शंभरपासून उलटे आकडे मोजायची. आज मिटले नाहीत. साठ टन, तिला आठवलं. धक्के, घरघर, पाठ खुर्चीत रुतली... आणि एकाएकी सगळे धक्के थांबले.

"आई," खारू कुजबुजली, "जमीन सुटली."

खरंच सुटली होती. रस्ते दोऱ्यांसारखे, घरं सांडलेल्या मण्यांसारखी, आणि मग सगळं पांढरं, धुरकट. मग तेही खाली राहिलं, आणि वर नुसतं ऊन. खाली क्षितिजापर्यंत पिंजून ठेवलेलं पांढरं रान. खारूच्या तोंडची मनुका बाहेर पडली, तिला पत्ता नव्हता.

"हे कुणी अंथरलं?"

आई खारूच्या डोक्यावरून खिडकीकडे वाकली. दर वेळी हे इथेच होतं? ती डोळे मिटून आकडे मोजत होती, तेव्हाही?

सीटबेल्टचा दिवा विझला. खारूने मान वळवून विचारलं, "वजनकाकांनापण असंच दिसतंय?"

"त्यांना खिडकी नाही, राणी. ते मधे बसलेत."

"का?"

"आपण बसलो ना त्यांच्या जागेवर."

हे खारूला पटलं नाही. तिने खिडकीकडे पाहिलं, पुढच्या रांगांकडे पाहिलं. "मग त्यांना बोलव इकडे."

"आणि मी कुठे बसू?"

विचार करायला खारूला वेळ लागला. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तू तिकडे बस," ती म्हणाली. "मग परत ये."

शेजारच्या बाईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"मी दिसणार नाही तुला तिथून, खारू."

"मला माहितीये," खारू म्हणाली. "पण तू आहेस ना तिकडे."

ढगांवर येऊन पोचण्याहून हे मोठं होतं. विमानं रोज उडतात.

"जा तू," पट्ट्यावाल्या बाई हळूच म्हणाल्या. "मी आहे इथे. डोळ्यात तेल घालून बघते. तसाही पाय घेऊन मी कुठे पळणार?"

पंधरा रांगा ती चालत गेली. सात नंबरला दोन धिप्पाड झोपलेल्या गृहस्थांच्या मध्ये तो अंग चोरून बसला होता. हात मांडीवर. मान खिडकीकडे वळलेली, आणि खिडकीवाल्या गृहस्थांनी झोपण्यापूर्वी झडप खाली ओढून घेतली होती. नऊ वर्षांनी तो आकाशात होता, आणि बंद झडपेकडे बघत होता.

"उठा," ती म्हणाली.

तो दचकला. "काय झालं? रडतेय का?"

"तुम्हाला बोलावलंय. मला हाकललंय."

"अहो, पण... मला मुलांचं काही कळत नाही. एकटी बसेल ती माझ्याबरोबर?"

"तिनेच सांगितलंय." ती म्हणाली. "कंटाळली तर वजनं सांगा. ढगाचं सांगा."

"ढगाचं मलाही माहीत नाही."

"मग दोघं मिळून अंदाज करा. आणि गप्प झाली... म्हणजे अगदी गप्प झाली, तर हात वर करा. मी बघत असेन."

"बघत असाल?" त्याने विचारलं.

"लेकीला," ती म्हणाली. जरा जास्तच घाईने.

तो निसटून बाहेर आला. वाटेत दोघांना एकमेकांना ओलांडावं लागलं. विमानातली वाट किती अरुंद असते, हे तिच्या आजच लक्षात आलं.

ती सात बीमध्ये बसली. मांडी रिकामी, हात रिकामे. त्या हातांचं काय करायचं ते तिला सुचेना. दोन मिनिटं दम धरला आणि गुडघ्यावर उंच होऊन, खुर्चीच्या पाठीवरून मागे पाहिलं.

खारू स्वतःच्या मधल्या जागेवर सरकली होती. खिडकी तिने त्याला दिली होती. आणि तो... एवढा मोठा माणूस, तोंड उघडं टाकून बसला होता. फोन काढला नव्हता, फोटो नाही, काही नाही. चष्म्याच्या दोन्ही काचांत नुसतं पांढरं ऊन भरलेलं. खारू त्याच्या अंगावरून वाकून बोटाने काहीतरी दाखवत होती, आणि तिचे ओठ चालू होते. चालूच होते!

ती बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली. दर वेळी ती मनाशी म्हणे, खारूला बघतेय. आणि मग एकदा असं झालं की वळून पाहते तर तो खिडकीतून बाहेर बघतच नव्हता. पंधरा रांगांपलीकडून नजर सरळ आली आणि तिच्या नजरेला भिडली. ती चटकन खाली बसली. शेजारच्या धिप्पाड गृहस्थांनी झोपेत कूस बदलली, आणि हिचे कान तापले... शाळकरी पोरीसारखे.

परत जायला ती उठणार, इतक्यात सीटबेल्टचा दिवा लागला. विमान वेळेआधीच उतरायला लागलं होतं. "आता नाही मॅडम," एअर होस्टेसने हात आडवा धरला. "उतरेपर्यंत जागेवरच."

"माझी मुलगी मागे —"

"ठीक आहे ती. प्लीज."

विमान हादरलं, डावीकडे कललं. कान दडे बसून दुखू लागले. खारूचेही दुखत असतील. तिला आवंढा गिळायचं सुचेल का? पट्टा ताणून, मान मुरगाळून तिने मागे पाहिलं.

त्याचा हात वर होता.

तिने पट्ट्याच्या कडीला हात घातला. तेवढ्यात त्या हाताशेजारी आणखी एक हात वर आला, चिमुकला. दोन्ही हात जोरजोरात हलले. मग पट्ट्यावाल्या बाईंचा पुस्तक धरलेला तिसरा हात. बावीस नंबरची अख्खी रांग तिला टाटा करत होती.

चाकं टेकली तेव्हा ती रडत होती, आणि हसतही होती, आणि शेजारचे गृहस्थ जागे होऊन म्हणाले, "घाबरू नका ताई, टेकलं विमान."

दिवा विझल्याबरोबर सगळं विमान उभं राहिलं. ती मात्र घाईत नव्हती. माणसं ओसरली, आणि सगळ्यांच्या शेवटी बावीस नंबर चालत आला. पुढे पट्ट्यावाल्या बाई. "काय गं, गप्प बसणारी पोर ती हीच का? माझे कान किटले!" असं म्हणत त्यांनी तिच्या गालाला हात लावला आणि लंगडत पुढे झाल्या. मागे खारू. तिने आईला मिठी मारली नाही. हात धरला, आणि ऐटीत सांगितलं, "ढग किती किलोचा असतो ते काकांनापण येत नाही. मी त्यांना शिकवणारे."

तिने वर पाहिलं. तो सॅकच्या पट्ट्याशी चाळा करत उभा होता.

"मग? कशी होती खिडकी?"

"ढग दिसले," तो म्हणाला. "एक नदी दिसली. वाटलं होतं त्याहून कितीतरी... मला सांगता येत नाही हो. मी आकड्यांचा माणूस." तो थांबला. "मग पुढून कुणीतरी वळून बघायला लागलं. त्यानंतरचं आकाश राहूनच गेलं माझं."

तिने खारूची वेणी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"अकरा वेळा," तो हळूच म्हणाला. "मोजायची सवय आहे मला. तुम्ही अकरा वेळा मागे वळून पाहिलंत."

"मी... मी खारूला बघत होते."

"अकराही वेळा?"

उत्तर द्यायला ती तोंड उघडणार, तोच दाराशी उभी असलेली एअर होस्टेस त्याच्याकडे बघून म्हणाली, "सर, परतीला एकच जागा उरलीय. तिकडून तुमच्या मित्राचा निरोप आहे, नाव धरू का म्हणून. लगेच सांगा, पुढच्या दोन फेऱ्या भरलेल्या आहेत."

तो तिच्याकडे बघत राहिला.

काळजी करणं हा तिचा स्वभाव होता. तिच्या मनात तेवढ्यात दहा गोष्टी येऊन गेल्या. याची उद्याची ड्यूटी, पुढच्या दोन्ही फेऱ्या भरलेल्या, बहीण काय म्हणेल, आई काय म्हणेल, आपण ओळखतो तरी किती याला? साडेतीन तास! आणि तिच्या हातात खारूचा हात होता. सैल. घट्ट धरलेला नाही, नुसता हातात दिलेला. ज्या पोरीला दोन वर्षं हात सोडवत नव्हता, तिने आज सोडून पाहिला होता, आणि काही बिघडलं नव्हतं.

"उद्या ड्यूटी असेल ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"परवा आहे."

"परत जायला जागा नाही मिळाली तर?"

"तर बस आहे. बावीस तास लागतात."

"मग..." ती खाली बघत म्हणाली. "बहिणीचं बाळ सहा दिवसांचं आहे. वजन सारखं करतात त्याचं, आणि सगळे जण काळजी करतात की भरतंय की नाही. जाणकार माणूस आला तर... बरं पडेल."

त्याने एअर होस्टेसकडे पाहिलं. "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या," तो म्हणाला.

बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर ऊन पसरलं होतं. खारू एकेक पायरी मोठ्याने मोजत पुढे उतरू लागली. ती तिच्या मागून दोन पायऱ्या उतरली, आणि मागे न बघताच म्हणाली —

"आठ वेळा."

"काय?"

"खारूला. आठ वेळा बघितलं."

आणि ती भराभरा उतरून गेली, लेकीला गाठायच्या निमित्ताने. तो वरच्या पायरीवर उभाच. उरलेल्या तिनाचा हिशेब करायला त्याला कागद लागला नाही. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच, एवढासा आकडा त्याला काही केल्या पेलवेना.